न्येरेरे यांचा ‘उजामा’ : एक पुनर्वाचन

ऑक्टोबर महिन्यात मिशन रविवार जवळ आला, की आमच्या देवळाच्या दाराशी एक भित्तिपत्रक लागते. त्यावर बहुधा एक कृष्णवर्णी बालक असते, त्याच्या हाती रिकामे भांडे असते आणि खाली ठळक अक्षरांत ‘आफ्रिका’ एवढाच शब्द असतो. बालक कोणत्या देशाचे, त्याची भाषा कोणती, त्याचे आईबाप कशाची शेती करतात, याचा उल्लेख नसतो. आमचे धर्मग्रामस्थ मनाने उदार आहेत; त्या दिवशी पेटी भरते. परंतु चोपन्न देशांचे एक खंड त्या एका भांड्यात मावते कसे, हा प्रश्न आम्हांला अलीकडे टोचू लागला आहे. याहून टोचणारी गोष्ट म्हणजे त्या चित्रातील बालक मुके आहे. आपल्या दारिद्र्याविषयी त्याला किंवा त्याच्या वडीलधाऱ्यांना काही म्हणायचे असेल, ही शक्यताच त्या पत्रकाने विचारात घेतलेली नाही.

वास्तविक त्यांनी पुष्कळ म्हटले आहे, लिहिले आहे आणि आपापसांत त्यावर भांडणही केले आहे. त्यांतील एका ग्रंथाचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे यांच्या निबंधांचा व भाषणांचा ‘उजामा’ हा संग्रह ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९६८ साली प्रकाशित केला. आम्ही तो प्रथम वाचला तो नव्वदीच्या दशकाच्या आरंभी, पुण्यात सेमिनरीत असताना. त्या वेळी आमच्याबरोबर दक्षिण टांझानियाचा एक विद्यार्थीबंधू शिकत होता. ग्रंथालयातले पुस्तक पाहून तो हसला आणि म्हणाला, ‘‘वाचा, फार सुंदर लिहिलेले आहे. वाचून झाले की माझ्या बाबूंची गोष्ट सांगेन.’’ स्वाहिली भाषेत ‘बाबू’ म्हणजे आजोबा. त्या गोष्टीकडे आम्ही येऊच. आधी ग्रंथ.

न्येरेरे यांचा जन्म १९२२ साली बुटियामा या खेड्यात झाला. विशीत पदार्पण केल्यावर, १९४३ साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एडिंबरा विद्यापीठाची पदवी मिळवून परतल्यावर ते एका कॅथलिक शाळेत शिक्षक झाले, आणि पुढे देशाचा कारभार हाती आल्यावरही लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, याच नावाने ओळखत राहिले. या पदवीकडे वाचकांनी ध्यान ठेवावे. आमच्या मते या ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्यातील तडा या दोहोंची मुळे या एका शब्दात आहेत.

‘उजामा’ या शब्दाचा अर्थ कुटुंबभाव. १९६२ सालच्या पहिल्या निबंधात न्येरेरे म्हणतात, की समाजवाद ही मूलतः मनाची वृत्ती आहे आणि आफ्रिकेला ती कोणा परक्या पंडिताकडून शिकावी लागत नाही. एकत्र राहणाऱ्या, एकत्र कष्टणाऱ्या जुन्या कुटुंबात ती होतीच. येथे ते आपल्या लोकांची एक म्हण आणतात. पाहुण्याचा पाहुणचार दोन दिवस करावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी, असा तिचा आशय. समाजवादावर शेकडो पृष्ठे लिहिणाऱ्या युरोपीय विद्वानांना जे साधले नाही ते या कुदळीने साधले आहे. वाटून खाणे आणि कामात वाटा उचलणे या एकाच नात्याच्या दोन बाजू आहेत, हे शेतकऱ्याला ती क्षणात पटवून देते.

संग्रहाचा गाभा आहे ५ फेब्रुवारी १९६७ चा आरूशा जाहीरनामा. त्याची भाषा आम्हांला आमच्या जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकाची आठवण करून देते: लहान वाक्ये, क्रमवार कलमे, आडवळण नाही. सत्ताधारी पक्षाच्या नेत्याने कंपनीचे समभाग बाळगू नयेत, दोन पगार घेऊ नयेत, घरे बांधून भाड्याने देऊ नयेत. स्वतःच्या सहकाऱ्यांचे हात असे कागदावर बांधून घेणारे राजकीय दस्तऐवज जगात फार नाहीत. पुढे देशाला सुनावले आहे, की गरीब राष्ट्राने पैशाला आपले शस्त्र मानणे हा भ्रम होय, कारण ते शस्त्र त्याच्यापाशी नाही; परक्यांच्या दानावर आणि कर्जावर विसंबणाऱ्याचे स्वातंत्र्य टिकत नाही. त्याच जाहीरनाम्यात खेड्यातील स्त्रिया किती राबतात आणि पुरुष आयुष्याचा केवढा भाग जणू रजेवर घालवतात, हेही रोखठोक सांगितले आहे. या जाहीरनाम्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, २६ मार्च १९६७ रोजी, पोप पॉल सहावे यांचे राष्ट्रांच्या विकासाविषयीचे ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. दोन्ही एकापाठोपाठ वाचताना दोघे एकाच विहिरीचे पाणी प्याले असावेत असे वाटते.

न्येरेरे केवळ राजकारणी लेखक नव्हते. शेक्सपिअरचे ‘ज्युलिअस सीझर’ त्यांनी १९६३ साली स्वाहिलीत आणले आणि १९६९ साली ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’. दुसऱ्याचे नाव त्यांनी ठेवले ‘माबेपारी वा वेनिसी’. यातील ‘बेपारी’ हा शब्द मराठी वाचकाला भाषांतराविना कळेल. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या व्यापाऱ्यांबरोबर तो शब्दही समुद्रापार गेला. मात्र तेथे पोहोचल्यावर त्याचा अर्थ पालटत जाऊन भांडवलदार असा झाला. एका शब्दाने केलेला हा प्रवास आमच्या लोकांना विचार करावयास लावील असा आहे. न्येरेरे यांनी समाजवाद म्हणजे वंशद्वेष नव्हे असे याच संग्रहात आग्रहाने लिहिले, आणि ते मनापासून होते असे आम्ही मानतो. तरी १९७१ साली एक लाख शिलिंगांहून अधिक मोलाच्या भाड्याच्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांतील बहुतेक भारतीय वंशाच्या लोकांच्या निघाल्या. पुष्कळांनी देश सोडला. ब्रिटन-कॅनडातील काही गोवेकर कुटुंबांच्या आठवणींत दार-एस-सलाम अजून आहे.

आता तड्याकडे वळू. सप्टेंबर १९६७ च्या ग्रामविकासावरील निबंधात न्येरेरे यांनी उजामा गावांची कल्पना मांडली. विखुरलेल्या वस्त्यांनी एकत्र यावे, जमीन सामाईक कसावी, शाळा, पाणी, दवाखाना यांचा लाभ सर्वांना व्हावा. अशी गावे लोकांच्या इच्छेनेच उभी राहू शकतात, त्यांवर सक्ती करता येणार नाही, असे ते तेथे निःसंदिग्धपणे सांगतात. पुढच्या वर्षीच्या एका लेखात तर त्यांनी असे प्रतिपादले, की माणसांचा विकास दुसऱ्याला करता येत नाही. तो ज्याचा त्यालाच करावा लागतो. आमच्या वाचनात विकासाविषयी याहून खरे विधान आलेले नाही.

आणि हे विधान कागदापुरतेही नव्हते. देशाच्या दक्षिणेस रुवुमा प्रांतात, लिटोवा येथे, काही तरुण शेतकऱ्यांनी साठीच्या दशकाच्या आरंभीच स्वतः होऊन असे गाव वसवले होते. त्यांचे पाहून आजूबाजूस आणखी गावे उभी राहिली, त्यांचा संघ झाला, त्यांनी आपली शाळा आपल्या पद्धतीने चालवली. न्येरेरे यांना त्यांचे मोठे कौतुक होते. परंतु हे लोक आपले निर्णय आपण घेत, पक्षाच्या अधिकाऱ्यांना विचारीत नसत. सप्टेंबर १९६९ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तो संघ बरखास्त केला आणि म्वालिमूंनी ते होऊ दिले. ज्या निबंधाचे जिवंत उदाहरण समोर होते ते उदाहरण निबंधकाराच्याच पक्षाने पुसून टाकले.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, न्येरेरे यांनी जाहीर केले की गावात राहणे हा आता हुकूम आहे. विकास ज्याचा त्यानेच करावयाचा असतो असे सांगणारा तो लेख ज्या संग्रहात आहे, त्याचे प्रकाशनवर्षही १९७३ हेच. पुढच्या तीन वर्षांत सुमारे पन्नास लाख माणसे हलवली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. लष्करी मोहिमांना असावीत तशी या कामाला नावे दिली गेली. कोठे ट्रक आले, कोठे घरांची छपरे उतरवली, कोठे झोपड्यांना आग लावली.

आमच्या विद्यार्थीबंधूच्या बाबूंची गोष्ट ही येथली. मोझांबिकच्या सीमेजवळ त्यांची काजूची झाडे होती. काजूचे हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले, आमच्या गोव्यात लावले, मोझांबिकच्या किनाऱ्यावर लावले, आणि तेथून ते टांझानियाच्या दक्षिणेत रुजले. त्यामुळे बोंडाचा वास, डिंक, चिकाने काळे होणारे हात हे सारे वर्णन तो करू लागला तेव्हा आमच्यातील कोकणचा एक विद्यार्थी पुढचे वाक्य आधीच बोलत असे. बाबूंना नव्या गावात नेले. झाडे दोन-अडीच तासांच्या वाटेवर राहिली. काजूचे झाड स्वतः फारसे मागत नाही, पण बुंध्याखालचे रान काढावे लागते, नाहीतर गळलेली बी गवतात दिसत नाही आणि वणवा आला की बाग जाते. म्हाताऱ्याने दोन मोसम पायपीट केली. तिसऱ्या मोसमात तो गेला नाही. मी सहा-सात वर्षांचा होतो, असे आमचा बंधू म्हणाला. बाबू संध्याकाळी नव्या घराच्या ओट्यावर बसून त्या दिशेकडे पाहत, एवढे मला आठवते.

हे एका म्हाताऱ्याचे दुःख नव्हते. १९७३-७४ च्या मोसमात टांझानियात सुमारे १,४५,००० टन काजूबी निघाली होती. १९८६-८७ मध्ये ती १७,००० टनांच्या आसपास उतरली. सारा दोष स्थलांतराचा नव्हे. सरकारी मंडळ शेतकऱ्याला देत असलेला भाव पडेल होता आणि पुढे मोहोरावर भुरी रोग आला. पण भुरीवर गंधक मारायला झाडापाशी माणूस तर हवा! याच काळात जागतिक बँकेच्या आणि इतर परकीय कर्जांतून डझनभर काजूकारखाने बांधले गेले. ते तयार झाले तेव्हा त्यांत घालायला काजू नव्हते. बहुतेक बंद पडून राहिले. कर्ज मात्र बंद पडले नाही. पैसा हे आमचे शस्त्र नाही असे सांगणारा देश तोवर आफ्रिकेतील सर्वाधिक परकीय मदत घेणाऱ्या देशांत गणला जाऊ लागला होता.

येथे एक अन्याय टाळला पाहिजे. टांझानियाचे सारे अरिष्ट म्हणजे न्येरेरे यांची चूक, असा निकाल ऐंशीच्या दशकात पाश्चात्त्य अर्थपंडितांनी दिला. तो आम्हांला मान्य नाही. कृत्रिम धागा आला आणि घायपाताच्या वाखाचा भाव कोसळला, त्यात टांझानियाच्या शेतकऱ्याचा काय अपराध? १९७३ आणि १९७९ ची तेलाची भाववाढ, अवर्षण, युगांडाच्या इदी अमीनशी झालेले युद्ध, यांनी कंबर मोडली. दार-एस-सलाम विद्यापीठात शिकवीत असताना वॉल्टर रॉडनी यांनी युरोपने आफ्रिकेला मागास कसे ठेवले याचा जो ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध केला, तोही यासोबत वाचावा. आणि १९८६ नंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींनी जे औषध पाजले त्याची चवही आठवावी. पालकांकडून शाळेची फी घेतली जाऊ लागली आणि न्येरेरे यांनी साक्षर केलेल्या देशात मुले शाळेबाहेर राहू लागली. २००१ साली कर्जमाफीबरोबर प्राथमिक शाळेची फी रद्द झाली तेव्हा वर्ग पुन्हा भरून वाहिले. त्या कर्जमाफीसाठी २००० च्या ज्युबिली वर्षात जगभरच्या ख्रिस्तसभेने आवाज उठवला होता. शंभरावर जमातींचा हा देश एका भाषेने बांधला गेला, शेजारच्या देशांसारखी यादवी तेथे माजली नाही, याचे श्रेय त्या गुरुजींचेच.

मग ग्रंथात उणीव कोठे? समीक्षकाने ती आचरणात दाखवून थांबू नये, शब्दांत दाखवली पाहिजे. आमच्या मते ती कुटुंबाच्या रूपकातच आहे. न्येरेरे यांच्या कुटुंबात प्रेम आहे, वाटणी आहे, कुदळ आहे. परंतु घरातला कोणी ‘मला हे पटत नाही’ असे म्हणाला तर काय करावयाचे, याला त्या कुटुंबात जागा नाही. त्या जुन्या कुटुंबात स्त्रियांवर अन्याय होत होता हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले, पण त्या स्त्रीने तो अन्याय कोणासमोर मांडावा हे सांगितले नाही. संपूर्ण संग्रहात लोक ऐकतात, शिकतात, समजावून घेतात. ते उत्तर देत नाहीत. शिक्षक दयाळू आहे, स्वतःची चूक पाहू शकणारा आहे, तरी फळा एकच आहे आणि खडू त्याच्याच हाती आहे. देशात १९६५ पासून एकच पक्ष होता, विरोधकांना चौकशीवाचून स्थानबद्ध करणारा कायदा १९६२ पासून होता. कुटुंबात विरोधी पक्ष कशाला, हा युक्तिवाद रूपकातून आपोआप निघतो. पहिली पाच-सहा वर्षे लोकांना समजावले. ते समजले नाहीत असे वाटल्यावर प्रेमळ पित्याने त्यांना हाताला धरून ट्रकमध्ये बसवले.

आमच्या प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातही एक पिता आहे. धाकटा मुलगा आपला वाटा मागतो, आणि तो पिता वाटा देतो. मुलगा चुकणार हे त्याला दिसत असणारच. तो त्याला अडवीत नाही, फक्त रस्त्याकडे डोळे लावून राहतो. न्येरेरे रोज मिस्सेला जाणारे भाविक होते, उतारवयात त्यांनी शुभवर्तमाने स्वाहिली पद्यात उतरवली. हा दाखलाही त्यांच्या लेखणीखालून गेला असणार. ते ओव्या बांधताना त्यांच्या मनात काय आले असेल, याचे आम्हांला राहून राहून कुतूहल वाटते.

हे लिहिण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे. आम्हांलाही लोक ‘फादर’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना जवळच्या पाड्यावरील स्त्रियांसाठी आम्ही शिवणवर्ग काढला, देणग्या मिळवून दहा यंत्रे आणली, दुपारची वेळ ठरवली. स्त्रिया आल्या नाहीत. आम्ही प्रवचनात रागावलो. रागावल्यावर आठवडाभर त्या आल्या. पुढे एका म्हातारीने सांगितले, की दुपारीच टँकर येतो. यंत्रे घेण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारण्यास आम्हांला पाच मिनिटे लागली असती. ती यंत्रे नंतर गंजली आणि आमच्या जागी आलेल्या धर्मगुरूंनी भंगारात काढली. न्येरेरे यांचा ग्रंथ गेल्या पावसाळ्यात पुन्हा हाती घेतला तेव्हा आमच्या नजरेसमोर ती दहा यंत्रे होती.

टांझानियातील ख्रिस्तसभेनेही उजामाला मोठ्या प्रमाणावर साथ दिली. १९७० साली न्यू यॉर्क येथे मेरीनोल धर्मभगिनींसमोर बोलताना न्येरेरे यांनी बजावले होते, की माणसाला दारिद्र्यात जखडणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध ख्रिस्तसभा उभी राहिली नाही तर ती निरर्थक ठरेल. अनेक धर्मगुरू व धर्मभगिनी उजामा गावांत जाऊन राहिले. त्यांच्या त्यागाला आमचे वंदन आहे. पण ट्रक आले तेव्हा गुरुजींना कोणी विचारावयाचे होते, हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही.

तो प्रश्न एका कादंबरीकाराने विचारला. युफ्रेझ केझिलाहाबी हे उकेरेवे बेटावर जन्मलेले, काही काळ सेमिनरीत शिकलेले लेखक. २०२० साली ते निवर्तले. सक्तीच्या ग्रामवसाहतीवरील त्यांची ‘गांबा ला न्योका’ ही कादंबरी १९७९ साली, न्येरेरे सत्तेवर असतानाच, प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ सापाची कात. स्वाहिली आम्हांला येत नाही, त्यामुळे तिच्याविषयी अभ्यासकांनी लिहिलेले तेवढेच आम्ही वाचले आहे आणि अधिक बोलणे उचित नाही. तरी मुक्या बालकाचे चित्र दाराशी लावणाऱ्या आम्हां मंडळींनी एवढी नोंद घ्यावी, की आपल्या राष्ट्रपित्याला त्याच्याच भाषेत उलट उत्तर देणारे साहित्य तेथे तेव्हाच जन्मले होते. कोणी जाणकार ही कादंबरी मराठीत आणील तर आमच्या वाचकांवर उपकार होतील.

न्येरेरे १९८५ साली आपण होऊन पायउतार झाले. त्याआधीच्या वर्षी एका मुलाखतीत त्यांनी कबूल केले, की पुन्हा आरंभ करावयाचा झाल्यास स्थानिक स्वराज्य संस्था आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आपण मोडणार नाही. सत्तेवरील किती पुढारी असे बोलतात? मात्र या कबुलीत गावे हलवण्याचा उल्लेख नाही. १९९९ साली त्यांचे निधन झाले. २००५ पासून त्यांना धन्यवादित घोषित करण्याची प्रक्रिया सुरू आहे आणि त्यांना ‘देवाचे सेवक’ म्हटले जाते. त्यांचे साधेपण, प्रामाणिकपण आणि प्रार्थना यांची साक्ष देणारे पुष्कळ भेटतील. काजूच्या बागा सोडून आलेल्या म्हाताऱ्यांपैकी साक्ष देण्यास आता फारसे कोणी उरले नसेल.

हुकमाची सवय अजून गेलेली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये काजूच्या भावावरून व्यापारी आणि शेतकरी यांच्यात तिढा पडला तेव्हा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी किलोला ३,३०० शिलिंग भाव जाहीर करून खरेदीसाठी लष्कर धाडले. भाव चांगला होता. पैसे हाती पडण्यास अनेकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. टांझानियाचा बहुतेक काजू आजही सोलल्याविना भारतात आणि व्हिएतनामला जातो. त्या आयातीपायी आमच्या सिंधुदुर्गातील बागायतदाराचा भाव पडतो, ही तक्रारही खोटी नाही.

आमचा विद्यार्थीबंधू आज त्याच्या देशात धर्मगुरू आहे. नाताळाला त्याचे पत्र येते. बाबू जुन्या झाडांकडे परत गेले नाहीत. नव्वदीच्या दशकात त्याचा थोरला भाऊ गेला. रान इतके माजले होते की बांध ओळखू येईनात. भावाने अर्धी झाडे तोडली, उरलेली छाटली, गंधक मारले, आणि चौथ्या वर्षी बी धरली. त्याने तेथेच, झाडांपाशी, घर बांधले. गावातल्या घराला त्याने कुलूप घातले आहे.